चिठ्ठी म्हणजे भेट

आरोग्य खात्यात तिला सगळे बेरीजबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी ती कनिष्ठ कारकून म्हणून लागली तेव्हा खात्याचा मासिक अहवाल कधीच जुळत नसे. नऊ प्रभागांच्या नऊ सिस्टर आपापले आकडे आणून देत, आणि त्यांची बेरीज सकाळी एक यायची, दुपारी दुसरी. काम तिच्याकडे आलं आणि अहवाल जुळायला लागला. वर्षभर ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. जुळलेली बेरीज दिसत नाही, चुकलेली तेवढी दिसते.

तिचं टेबल तळमजल्यावर अगदी मागे. डाव्या हाताला जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी, उजव्या हाताला लशींचे फ्रिज असलेली खोली. खिडकीशी दिवसभर लोक यायचे. बाळाचं नाव लिहायला आलेले आणि वडिलांचं नाव कमी करायला आलेले एकाच रांगेत उभे राहायचे, एकाच पेनाने सह्या करायचे. बेरीजबाईला ती माणसं पाठीमागून दिसायची. तिच्यापर्यंत यायचे ते फक्त आकडे, दर शनिवारी, गुलाबी कागदावर.

घरी ती वहिनी होती. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याची बहीण चौदा वर्षांची होती आणि गणितात दोनदा नापास झाली होती. "हिला अपूर्णांक शिकव," सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "नाहीतर ही मलाच अर्धी करेल." वहिनीने शिकवले. पुढे नर्सिंगचा फॉर्मही तिनेच भरून दिला, फोटो चिकटवून. त्या मुलीला घरात छोटी म्हणत. छोटी आता चाळिशीला आली होती, लग्न केलं नव्हतं, सासू गेल्यावर मागच्या खोलीत एकटीच राहायची. अठरा वर्षांपासून ती सहा नंबरच्या प्रभागाची सिस्टर होती. अजूनही सगळे तिला छोटीच म्हणत, आणि ती रागावायची नाही.

गेल्या वर्षी खात्यात नव्या आरोग्य अधिकारी आल्या. वयाने पस्तिशीच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, चालणं भराभर. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बेरीजबाईला आत बोलावलं, खुर्ची दिली.

"बाई, तुम्ही इतकी वर्षं मोजताय. मला सांगा, आपण मोजायला काय हवं?"

 किती झालं, हे बेरीजबाईला रोज विचारत. का कमी झालं, हेही विचारत. काय मोजावं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "विचार करून सांगते," म्हणून ती बाहेर आली, टेबलाशी बसली आणि पेलाभर पाणी प्यायली.  आपल्याला आनंद झालाय, हे तिला थोड्या वेळाने कळलं.

पुढचे तीन आठवडे संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलेले असत. खात्याचं काम चांगलं चाललंय की नाही हे कशावरून ओळखायचं, याची तिने यादी केली. एकेचाळीस गोष्टी निघाल्या. मॅडम म्हणाल्या, एका कागदावर मावेल तेवढंच हवं. मग खोडणं सुरू झालं. दूषित पाण्याची तक्रार आल्यापासून नमुना घेईपर्यंत किती तास गेले. क्षयाचं औषध घेणारे किती जण शेवटपर्यंत टिकले. असं करत सात निकष उरले. तिसरा तिचा सर्वांत लाडका: बाळ जन्मल्यापासून सात दिवसांच्या आत किती घरी सिस्टर पोचली. पहिल्या आठवड्यात बिघडलेलं पहिल्या आठवड्यातच दिसलं तर सावरता येतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

नवरा छापखान्यात मशीनवर होता. घरी आल्यावर तो शाईचे हात घासत घासत कागदांवर डोकावायचा.

"माझाही एक तक्ता कर की."

"तुमचा केला तर लाल पेन्सिल संपेल."

"दादा, नळ चार महिने गळतोय," छोटी भाजी चिरता चिरता म्हणाली. "तो कुठल्या रकान्यात घालायचा?"

"तो पाणीपुरवठा खात्याकडे," नवरा म्हणाला, आणि तिघंही हसली. ते दिवस चांगले होते. बेरीजबाईला नंतर ते फार वेळा आठवले.

तक्ता तयार झाला. मागच्या तिमाहीच्या कागदांवरून पहिले आकडे भरले आणि दारासमोरच्या भिंतीवर तो लागला. नव्वदच्या वर हिरवं, सत्तरच्या खाली लाल, मधलं पिवळं. तिसऱ्या ओळीत चार नंबरचा प्रभाग सत्त्याण्णव होता, सगळ्यांत वर. एक नंबर चौऱ्याण्णव, आठ नंबर त्र्याण्णव. अशा आठ हिरव्या चौकोनांच्या मधोमध सहा नंबरचा एकटा लाल चौकोन. अठ्ठावन्न.

चार नंबरच्या सिस्टर खात्यात सर्वांत जुन्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्यांनी चष्मा वर करून तक्ता नीट वाचला.

"अगं छोटे," त्या म्हणाल्या, "घरची बेरीजबाई असून तुझे हे हाल? लोकांचे हिशेब जुळवते, नणंदेचा नाही जुळवत?"

"वहिनी घरात तोलून वाढते, मोठ्या सिस्टर," छोटी म्हणाली. पिशवी खांद्याला लावून ती निघूनही गेली. तिची वेळ झाली होती.

दोन दिवसांनी मॅडमनी बेरीजबाईला बोलावलं.

"सहा नंबरच्या सिस्टर तुमच्या कोण लागतात?"

"नणंद."

"मग मी तुमचं मत विचारत नाही, फक्त सांगते. उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. लागोपाठ दोन तिमाही लाल राहिलं तर प्रभाग बदलायचा, असं ठरवलंय. त्यांना लशींच्या खोलीत घेईन. दिवसातून दोनदा तापमान लिहायचं, साठा बघायचा. काम हलकं आहे. शिक्षा म्हणून नाही करत मी. पण त्या भागातल्या बाळांना वेळेवर कुणीतरी जायला हवं ना?"

बेरीजबाईने मान हलवली. यात खोडायला जागा नव्हती. तिनेच मांडलेलं होतं ते. दुसरी तिमाही संपायला तीन आठवडे होते.

त्या संध्याकाळी तिने छोटीला टेबलाशी बसवलं.

"तू चिठ्ठ्या का धरत नाहीस?"

"कसल्या?"

"बंद दाराच्या. सगळे धरतात."

खात्यात तशी रीत होती. सिस्टर घरी गेली आणि दार बंद दिसलं, तर दाराच्या फटीतून एक छापील चिठ्ठी आत सरकवायची: आम्ही येऊन गेलो, केंद्रावर या. डायरीत "बंद, चिठ्ठी" असं लिहायचं. शनिवारी गुलाबी कागद भरताना त्या घराची भेट झाली असं धरायचं. चिठ्ठी म्हणजे भेट. नवी सिस्टर आली की जुनी तिला हे पहिल्या दिवशी सांगायची, जशी स्वच्छतागृहाची चावी कुठे असते ते सांगायची. छोटी मात्र धरत नसे. अठरा वर्षांत तिचा आकडा नेहमी खाली राहिला होता, आणि नुसत्या बेरजेत ते कुणाला खटकलं नव्हतं. टक्के काढले तेव्हा खटकलं.

"भेटलेच नाही तर भेट कशी धरू?" छोटी म्हणाली.

"छोटे, एवढं सरळ नसतं ते."

"सरळच आहे. माझ्याकडच्या बायका डबे भरायच्या शेडमध्ये कामाला जातात. पहिली पाळी सहाला, दुसरी दोनला. बाळ झाल्यावर पाचव्या दिवशी जातात गं त्या, पोटाला फडकं बांधून. बाळ सासूकडे, नाहीतर शेजारणीकडे. मी दहाला गेले तर कुलूप. मग मी पाळी सुटताना जाते, शेडच्या फाटकापासून तिच्याबरोबर चालत घरी जाते. कधी आठवा दिवस होतो, कधी दहावा. महिना संपेपर्यंत शंभरातली पंच्याण्णव दारं उघडतात माझी. फक्त तुझ्या सात दिवसांत उघडत नाहीत."

"मग एवढंच कर. पहिल्या फेरीत चिठ्ठी टाकतेसच ना? ती धर. नंतर जा की तू तुझी. कोण अडवतंय? नाहीतर तुला फ्रिजच्या खोलीत बसवतील. तुझ्या जागी नवीन मुलगी येईल, ती दहाला जाईल, चिठ्ठी टाकेल आणि घरी येईल. हिरवं होईल सगळं. त्या बायकांचं भलं होणार आहे का त्यात?"

 वहिनीचं म्हणणं चूक नव्हतं, हे दोघींना कळत होतं.

"वहिनी," छोटी म्हणाली, "अपूर्णांक शिकवताना तू मला काय मारलं होतंस आठवतंय? उत्तर मागे बघून लिहिलं म्हणून."

"ते वेगळं."

"काय वेगळं?" ती उठली. "मी नाही धरणार. बसवू देत फ्रिजच्या खोलीत. थंड राहीन."

नवरा आतून म्हणाला, "कशाला भांडता गं?" 

बेरीजबाईने मग जे केलं ते रागाच्या भरात केलं. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून सगळ्या प्रभागांच्या डायऱ्या काढल्या. छोटीला दाखवायचं होतं की इतर सिस्टरही काही घरी झोपून राहत नाहीत, चिठ्ठ्या असून असून असतील किती, पाच-दहा टक्के. तिने चार नंबरपासून सुरुवात केली. प्रत्येक घरापुढे दोन खुणा करायच्या, दार उघडलं की बंद. तासाभरात एक तिमाही झाली. शंभर घरांपैकी सत्त्याण्णव भेटी. त्यांतली उघडी दारं एकतीस.

तिने पुन्हा मोजलं. एकतीसच आली. एक नंबरमध्ये चाळीस. आठ नंबरमध्ये एकोणतीस.

सातवा निकष बालमृत्यूंचा होता. त्याची यादी तिच्या खणातच होती. ती हातात घेण्याआधी तिने चहा मागवला, आणि तो निवून साय धरेपर्यंत तसाच ठेवला. मग यादीतला एकेक पत्ता ती डायऱ्यांत शोधत गेली. बहुतेक मृत्यू रुग्णालयातलेच होते, त्यांचा दारांशी संबंध नव्हता. एकाचा होता. चार नंबर प्रभाग, एकोणीस दिवसांची मुलगी. कारणाच्या जागी लिहिलं होतं: कावीळ, उशिरा आणले. तक्त्यात त्या घरची भेट पाचव्या दिवशी झालेली होती, वेळेत, हिरवी. डायरीत मोठ्या सिस्टरचं गोल अक्षर होतं. "बंद, चिठ्ठी."

शेजारच्या खिडकीशी कुणीतरी स्पेलिंगवरून भांडत होतं. बेरीजबाई डायरी मिटून बसून राहिली.

रीत कुठून आली हे खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर सगळे म्हणाले असते, पहिल्यापासूनच आहे. तिला ठाऊक होतं. एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवा छापील फॉर्म आला होता, त्यात दोनच रकाने होते: भेट झाली, भेट नाही. त्या महिन्यात सिस्टर तापाच्या साथीत अडकल्या होत्या आणि निम्मी दारं बंद मिळाली होती. तेव्हाचे साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "संध्याकाळी अहवाल जायचाय, आणि हे आकडे असे पाठवले तर माझं काही खरं नाही. बघा काय करता येतं ते." ते निघून गेले. खोटं लिही, असं ते म्हणाले नाहीत. तिने डायऱ्या पाहिल्या. बंद दारांपुढे चिठ्ठी टाकल्याची नोंद होती. सिस्टर गेली तर होती. दारापर्यंत पाय झिजवले होते. तिने पेन्सिलने चिठ्ठ्या पहिल्या रकान्यात घातल्या. बेरीज सुरेख जुळली. या महिन्यापुरतं, असं तिने मनाशी म्हटलं होतं. पुढच्या महिन्यात आकडा एकदम खाली गेला असता, तर विचारणा झाली असती. म्हणून पुढच्याही महिन्यात.

तेव्हा छोटी एकोणीस वर्षांची होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

तिने घरी नवऱ्याला सांगितलं. सगळं नाही, अर्धं. कुणीतरी एके काळी चूक केली, ती आता काढली तर सगळ्या सिस्टर उघड्या पडतील आणि नाही काढली तर छोटीचा प्रभाग जाईल, एवढंच.

"मग त्या कुणीतरीने सांगावं," तो म्हणाला.

"सांगितलं तर हात दाखवून अवलक्षण. नोकरीची चार वर्षं उरलीत तिची."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. छापखान्यात तीस वर्षं उलटी अक्षरं वाचलेला माणूस तो. "तिची," एवढंच म्हणाला, आणि ताट उचलून मोरीत ठेवायला गेला.

तिमाहीची बैठक मधल्या सभागृहात होती. लांब टेबल, मधे पाण्याच्या बाटल्या, नऊ सिस्टर, मॅडम, आणि कोपऱ्यात कागद घेऊन बेरीजबाई. सहा नंबर पुन्हा लाल होता, एकसष्ट. मॅडमनी बदलीचा कागद फाइलीतून अर्धा बाहेर काढून ठेवला होता. छोटी ताठ बसली होती, हात मांडीवर. बदलीचं तिला कळलेलं होतं. तिने त्या दिवशी स्वच्छ, कडक इस्त्रीचे कपडे घातले होते.

"तिसऱ्या ओळीबद्दल मला बोलायचंय," बेरीजबाई म्हणाली. बैठकीत ती कधी आपणहून बोलत नसे. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

तिने सांगितलं. बंद दार, चिठ्ठी, गुलाबी कागद. मग मागच्या तिमाहीत कोणत्या प्रभागात किती दारं खरंच उघडली, ते वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज शनिवारच्या बेरजेसारखाच सपाट होता. एक नंबर, चाळीस. दोन नंबर, छत्तीस. चार नंबर, एकतीस. सहा नंबर, अठ्ठावन्न, आणि महिनाअखेर पंच्याण्णव.

 सगळ्याच एकदम बोलू लागल्या.

"म्हणजे आम्ही खोटारड्या?"

"बाई, वीस वर्षं तुम्हीच घेत होतात ना कागद? तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती का?"

"नणंदेचा लाल निघाला म्हणून आमच्या तोंडाला काळं फासताय होय!"

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. हाच तक्ता त्यांनी गेल्या महिन्यात वरच्या सभेत मिरवला होता. "तुमच्या हातात आणखी एक कागद आहे. तो काय?"

तो यादीतला एक उतारा होता. वाचावा की नाही हे बेरीजबाईने ठरवलं नव्हतं. "चार नंबर," ती म्हणाली. "एक मुलगी. एकोणीस दिवसांची. भेट पाचव्या दिवशी." थांबून तिने पुढचे दोन शब्द वाचले. "बंद, चिठ्ठी."

मोठ्या सिस्टरनी चष्मा काढला. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"ही रीत सुरू कुणी केली?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्यापासूनच आहे," आठ नंबरच्या सिस्टर म्हणाल्या.

"पहिल्यापासून काहीच नसतं. कुणीतरी सांगितलं असेल."

बेरीजबाईने मान वर केली तेव्हा मोठ्या सिस्टर तिच्याकडेच पाहत होत्या. एकवीस वर्षांपूर्वी त्या दुपारी फॉर्म द्यायला आलेल्या त्याच होत्या. पेन्सिल कुठल्या रकान्यात गेली हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून पाहिलं होतं. त्यांना आठवत असेल, हे बेरीजबाईच्या आजवर मनातही आलं नव्हतं. सगळ्या खोलीत त्या एकट्याच बोलू शकत होत्या, आणि बोलत नव्हत्या.

"मी," बेरीजबाई म्हणाली. "मी सुरू केली. सिस्टरना कुणी विचारलं नव्हतं. मी धरत गेले, मग त्या धरू लागल्या."

छोटीने वळून पाहिलं. बेरीजबाईने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

बैठक पुढे अर्ध्या तासात संपली. मॅडमनी बदलीचा कागद परत फाइलीत घातला. तिसऱ्या ओळीत यापुढे फक्त उघडलेली दारं मोजायची, आणि तिच्याखाली आणखी एक ओळ घालायची: महिन्याअखेर उघडलेली दारं. सहा नंबर आहे तसा राहील. तक्ता भिंतीवरून खाली आला. "आणि बाई, तुम्ही लेखी खुलासा द्या," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण आता त्या तिला खुर्ची देणाऱ्या राहिल्या नव्हत्या. "केव्हापासून, कोणत्या कारणाने, आणि एकूण किती चिठ्ठ्या भेटी म्हणून धरल्या. सोमवारपर्यंत."

सिस्टर बाहेर पडल्या. कुणी चहाला थांबलं नाही. मोठ्या सिस्टर तेवढ्या दाराशी घुटमळल्या.

"त्या घराचा पत्ता द्या मला."

"कशाला? आता काय..."

"मला आठवत नाही ते दार," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "काल दिवसभरात जी दारं उघडली ती घडाघडा सांगेन. कुणाचा पाय सुजलाय, कुणाचा नवरा पितो. हे एक दार आठवत नाही." त्यांनी कागद घेतला, नीट घडी घातली. "दोन वर्षांत सुटणार होते मी, बाई."

 बेरीजबाईने माफ करा म्हणायला हवं होतं, पण ते ऐकायला मोठ्या सिस्टर थांबल्या नाहीत.

घरी छोटी आधीच आली होती. टेबलाशी बसली होती, पिशवी मांडीवर तशीच.

"तू सुरू केलीस?"

"हो."

"आणि मला म्हणालीस, सगळे धरतात."

बेरीजबाई पलीकडच्या खुर्चीवर बसली.

"अठरा वर्षं मी त्यांना मनात चोर म्हणत आले," छोटी म्हणाली. "मोठ्या सिस्टरनासुद्धा. त्यांनी मला टोचायला शिकवलं, नस धरायला शिकवलं, आणि मी त्यांच्या डब्यातलं खाताना मनात म्हणायचे, खोटारडी. आणि दर शनिवारी घरी येऊन तुझ्यापाशी रडायचे की माझाच आकडा कमी. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवायचीस."

"प्रभाग राहिला ना तुझा."

"राहिला." छोटीने पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "आता कुठल्या तोंडानं जाऊ मी केंद्रावर? सगळ्या म्हणतायत, नणंद-भावजयींनी ठरवून केलं. आठ नंबरने माझ्याशी बोलणं टाकलंय."

"मी सांगेन त्यांना."

"तू आता कुणाला काही सांगू नकोस, वहिनी."

रविवारी दुपारी बेरीजबाई खुलासा लिहायला बसली. केव्हापासून, ते तिने लिहिलं, महिना आणि वर्ष. कारण तिने चार ओळींत लिहिलं, मग खोडून दोन ओळींत. साहेबांचं नाव घातलं नाही. ते वारले होते. मग किती चिठ्ठ्या, याशी ती अडली. नियमाप्रमाणे डायऱ्या पाच वर्षं ठेवतात, नंतर रद्दीत जातात. पाच वर्षांच्या तिने बैठकीआधीच मोजायला घेतल्या होत्या, त्या शनिवारी रात्री संपल्या: अकरा हजार चारशे सहा. त्याआधीच्या सोळा वर्षांची बेरीज करायला जगात कुठे कागद उरला नव्हता.

छोटी आतून आली. बुटांची नाडी बांधायला ती टेबलाशेजारी खाली वाकली. रविवारी पाळी पाचला सुटायची. तिने उठताना कागदावर नजर टाकली.

"अंदाजे लिही ना. गुणून टाक."

"नाही."

"मॅडम परत पाठवतील."

"पाठवू देत."

बेरीजबाईने अकरा हजार चारशे सहा लिहिलं. त्याच्यापुढे लिहिलं, आधीच्या सोळा वर्षांचं मोजता येत नाही. मग सही केली. छोटी तोवर उभी होती. जाते म्हणाली नाही, येते असंही म्हणाली नाही. पिशवीत हात घालून तिने दोन गुलाबी कागद काढले, या आठवड्याचे, आणि वहिनीसमोर ठेवले. शनिवारी ते तिने दिले नव्हते.

"घरं बावीस," ती म्हणाली. "उघडली नऊ. तीन आत्ता उघडतील, फाटकाशी थांबले तर. बाकीची उद्या."

आणि ती गेली. बेरीजबाईने पेन्सिल घेतली. नऊपर्यंत खुणा केल्या, आणि उरलेल्या तेरा घरांचे पत्ते एकेक करून वाचू लागली.